वाफशाचा आकडा

आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, साकूरच्या अलीकडे. प्रवरेवर १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि खालचा पट्टा उसाने हिरवा झाला. २०२३ मध्ये निळवंड्याच्या कालव्यातही पाणी सुटलं. पण कालवा उताराने वाहतो आणि पठार उंचावर आहे. इथे जे उगवतं ते विहिरीच्या, बोअरच्या आणि शेततळ्याच्या जिवावर. आमची अडीच एकर डाळिंबाची बाग त्याच जिवावर उभी आहे. साडेसातशे झाडं, सगळी भगवा, म्हणजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला वाण.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शेती सासरे पाहतात. त्यांना घरात आणि गावात सगळे तात्या म्हणतात. शेतीची थ्री फेज लाइट दिवसाच्या पाळीत आठ तास यायची, रात्रीच्या पाळीत दहा तास. रात्रीची पाळी लागली की तात्या बाराला एकदा आणि तीनला एकदा उठून कॉक फिरवायला जायचे. बाग घरापासून सातशे मीटरवर. मध्ये ओढा, ओढ्यात घाणेरी आणि बाभळींची गच्च झाडी. एका हिवाळ्यात त्या ओढ्याच्या वाळूत बिबट्याचे ठसे दिसले. तात्या त्या रात्रीही गेले. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडी, वय अडुसष्ट. मी ओट्यावर बसून बॅटरीचा उजेड ओढ्यात उतरताना आणि पलीकडे वर येताना पाहत होते. त्या रात्री ठरवलं की कॉक घरून फिरले पाहिजेत.

मला यातलं काहीही येत नव्हतं. कधी प्रोग्रॅम लिहिला नव्हता, कधी डाग दिला नव्हता. अडीच वर्षांत जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते आहे. कुणी आपल्या शेतात, गोठ्यात किंवा घरात असं काही नवं बसवायला निघालं असेल, तर त्याचे काही महिने वाचावेत.

१. आपल्याला काय हवं ते आधी आपल्या शब्दांत लिहावं

पहिले दोन महिने मी मोबाईलवर व्हिडिओ पाहण्यात घालवले. कुणी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणारं यंत्र करत होतं, कुणी हरितगृहाचं. त्यांच्या सुट्या भागांच्या याद्या मी उतरवून घेत होते. एका संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "हे करणार काय पण?"

"जमिनीतली ओल मोजेल."

"ओल मोजून काय करू? वाफसा सांगंल का?"

शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही, पण शहरातल्या वाचकासाठी सांगते. पाणी दिल्यावर जादाचं पाणी खाली झिरपून जातं आणि मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही नांदतात, ती अवस्था म्हणजे वाफसा. डाळिंबाच्या मुळांना हीच मानवते. सतत त्याहून ओली जमीन राहिली तर मर लागते. कोरडी पडून एकदम भरपूर पाणी मिळालं तर फळ तडकतं. म्हणजे तात्यांचा प्रश्न माझ्या सगळ्या याद्यांपेक्षा नेमका होता.

त्या रात्री वहीच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. वाफसा मोडू नये. तात्यांना रात्री उठावं लागू नये. यंत्र बंद पडलं तरी बाग वाळू नये. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, ते अजून तिथे आहे. पुढे प्रत्येक वस्तू घेताना ती या तीनपैकी कोणत्या ओळीसाठी आहे ते पाहत गेले. रंगीत पडदा, हवामान दाखवणारा भाग, कॅमेरा असं बरंच काही त्यामुळे घरात आलंच नाही.

२. एका दिवशी एकच नवी गोष्ट जोडावी

मी ईएसपी३२ नावाचा बोर्ड घेतला. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने ही चिप २०१६ साली बाजारात आणली. स्वस्त आहे, आगपेटीएवढा बोर्ड, वायफाय अंगातच. सकाळी टेबलावर सेन्सर जोडला, कुंडीत खोचला, आकडे येऊ लागले. त्याच संध्याकाळी मी वायफाय सुरू केलं, वायर लांब केली आणि मोबाईल चार्जरऐवजी बॅटरी लावली. आकडे मेले.

चार संध्याकाळी मी वायरी बदलल्या. सेन्सर खराब म्हणून दुसरा मागवला. बॅटरीवर संशय घेतला. खरं कारण असं होतं की या चिपमध्ये व्होल्टेज मोजणारे दोन विभाग आहेत, आणि वायफाय चालू असलं की दुसरा विभाग वायफायच्या कामाला जुंपला जातो. माझी वायर २६ नंबरच्या पिनेवर होती आणि ती पिन दुसऱ्या विभागातली. वायर ३४ वर नेली, आकडे परत आले. बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते उघडलं नव्हतं आणि तीन बदल एकत्र केल्यामुळे दोष कशाचा हे कळायला वाट उरली नव्हती.

प्रयोगात एका वेळी एकच चल बदलायचा, हे मी नववीच्या वर्गात दर वर्षी शिकवते. तेव्हापासून घरातही पाळते. दिवसाला एक बदल, आणि काल चालत असलेल्या प्रोग्रॅमची तारखेसह प्रत वेगळी ठेवायची.

३. आकड्याची आणि मुठीची गाठ घालावी

सगळ्यात जास्त दिवस मी इथे घालवले आणि त्यातला एकही वाया गेला असं मला वाटत नाही.

बागेत पहिला लावला तो दोन टोकांचा स्वस्त सेन्सर. ओल्या मातीतून वीज किती सहज वाहते ते तो पाहतो. वीज वाहते तिथे विद्युत अपघटनही होतं. पाच आठवड्यांत त्याच्या टोकांवरचा मुलामा खाल्ला गेला. शिवाय ठिबकमधून खत सोडलं की आकडा उडी घ्यायचा, कारण मातीत क्षार वाढले की वीज जास्त वाहते. जमीन होती तशीच असायची आणि यंत्र म्हणायचं, ओली झाली.

मग कपॅसिटिव्ह सेन्सर आणला. ही एक चपटी पट्टी असते. तिचा धातू मातीला थेट लागत नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास असतो आणि कोरड्या मातीचा ३ ते ५. त्यामुळे मातीत पाणी वाढलं की पट्टीची धारिता वाढते आणि बाहेर येणारं व्होल्टेज कमी होतं. म्हणजे ओल वाढते तसा आकडा उतरतो. माझी पट्टी कोरड्या हवेत २७१० दाखवायची आणि पाण्याच्या पेल्यात ११८०.

पट्टी झाडाखाली पुरली, बोर्ड एका पेटीत बसवला आणि तात्यांना सांगितलं, "आत्ता १९४० आहे."

"म्हंजी किती?"

मला उत्तर देता आलं नाही. २७१० आणि ११८० यांच्या मधली टक्केवारी काढून दिली असती तरी ती हवा आणि पाणी यांच्या मधली टक्केवारी झाली असती. आमच्या मातीशी तिचा काही संबंध नव्हता.

मग आम्ही एक काम हाती घेतलं. बागेला भरपूर पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून एकवीस दिवस रोज सकाळी सहाला दोघं त्याच झाडापाशी गेलो. तात्या खुरप्याने वीतभर खोल उकरायचे, माती मुठीत घ्यायचे, दाबायचे, मूठ उघडायचे, ढेकूळ हातभर उंचीवरून सोडायचे आणि एक शब्द सांगायचे. चिखल. जड. वाफसा. हलकं. कोरडं. मी विचारलं, वाफसा नेमका कशावरून? "लाडू वळला पायजे, पण हाताला माती लागता कामा नये. अन् खाली पडला की फुटला पायजे." मी शब्द लिहायचे, शेजारी पेटीचा आकडा लिहायचे, आणि तीच माती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत भरून शाळेत न्यायचे. प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन, मग ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास, मग पुन्हा वजन. एका दिवशीची नोंद अशी: ओली माती १७८ ग्रॅम, वाळल्यावर १४०. पाणी ३८ ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या २७ टक्के.

एकवीस दिवसांचा तक्ता पुरा झाल्यावर मी तो रात्री जेवणानंतर मांडून बसले. तात्यांनी नऊ दिवस "वाफसा" म्हटलं होतं. त्या नऊही दिवशी मातीत पाणी २५ ते २९ टक्के होतं. एकही नोंद त्या पट्ट्याबाहेर गेली नव्हती. ओव्हन आणि काटा चोवीस तासांनी जे सांगत होते ते या माणसाची मूठ क्षणात सांगत होती, आणि इतकी वर्षं आम्ही घरातले तिला अंदाज म्हणत होतो. मला त्या रात्री भरून आलं. मी तक्ता त्यांना वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "उद्या मुरमाच्या बाजूला बघू."

पेटीच्या छोट्या पडद्यावर आता तात्यांचे पाच शब्द येतात. आकडा खाली बारीक अक्षरात असतो, तो माझ्यासाठी.

४. एका बागेत दोन जमिनी असतात

मुरमाच्या बाजूला पाहिलं तेव्हा हिशेब पार बदलला. आमच्या बागेचा पश्चिमेकडचा भाग काळा, ओढ्याच्या गाळाचा. पूर्वेच्या सात ओळी मुरमाड. तिथे तात्यांचा वाफसा १२ ते १४ टक्क्यांवरच येतो. काळ्या जमिनीचा आकडा तिथे लावला असता तर यंत्राने मुरमाला दिवसरात्र पाणी दिलं असतं आणि ते खाली निघून गेलं असतं. विकत आणलेल्या यंत्रात आधीच भरून दिलेला आकडा असतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी मातीचा असतो.

काळ्या जमिनीची स्वतःची एक अडचण आहे. वाळली की ती आकसते आणि भेगा पडतात. एप्रिलमध्ये पट्टीच्या कडेला बोटभर फट पडली. पट्टीला हवा लागली, पेटी "कोरडं" सांगू लागली आणि दोन बोटांवर माती चांगली ओली होती. तेव्हापासून पट्टी पुरताना त्याच जागेची माती चाळून, तिची पातळ राबडी करून भोवती ओततो, आणि ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, जिथे ओलीचा कांदा तयार होतो तिथे, आडवी ठेवतो. प्रत्येक भागात दोन पट्ट्या आहेत. दोघींचं एकमत झालं तरच पाणी सुटतं.

५. लाइट गेली आणि आली, तर काय होईल हे आधी कागदावर काढावं

ठिबकच्या चार भागांना मी चार सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवले. हे व्हॉल्व्ह वीज असली की उघडतात, वीज गेली की मिटतात. मोटारीला आधीपासून ऑटो होता, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या.

फेब्रुवारीत एका पहाटे लाइट गेली आणि परत आली. ऑटोने मोटार सुरू केली. माझा बोर्ड नेमका त्या वेळी अडकून पडला होता. चारही व्हॉल्व्ह बंद, मोटार पूर्ण दाबाने चालू, पाण्याला जायला वाट नाही. फिल्टरजवळचा सबमेनचा सांधा निखळला आणि सकाळपर्यंत शेततळ्यातलं पाणी ओढ्यात वाहत राहिलं. आमच्या भागात फेब्रुवारीतल्या पाण्याची किंमत काय असते ते इथे राहणाऱ्याला विचारावं. मी शाळेत रजा टाकली आणि दिवसभर तळ्याच्या काठावर उभी होते.

मग एक मोठा कागद घेतला. वरच्या ओळीत लाइट आहे, लाइट नाही, लाइट आत्ता आली. डाव्या बाजूला बोर्ड चालू, बोर्ड बंद, बोर्ड अडकलेला. प्रत्येक चौकटीत मोटार आणि व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत असतील ते लिहिलं. नऊपैकी दोन चौकटी धोक्याच्या निघाल्या. आता व्हॉल्व्ह उघडल्याची खात्री होईपर्यंत मोटारीच्या स्टार्टरला परवानगीच मिळत नाही. बोर्ड अडकला तर तो स्वतःला पुन्हा सुरू करतो. प्रत्येक सोलेनॉइडच्या शेजारी जुना हाताचा कॉक बायपासवर तसाच ठेवला आहे. कपाटाच्या दारावरची तिसरी ओळ त्यासाठीच होती.

स्टार्टर पेटीतलं काम मी केलं नाही. तिथे थ्री फेज असतो. ते परवाना असलेल्या वायरमनकडून करून घेतलं आणि पेटीला अर्थिंग नवं घातलं. शिकण्याच्या उत्साहात तिथे हात घालू नये.

६. निरोप कोणत्या वाटेने जाणार ते चालून पाहावं

बागेतल्या पेटीने घरी निरोप द्यावा म्हणून मी सिमकार्ड घालायचा एक स्वस्त जीएसएम मॉड्यूल आणला. सिम घातलं, नेटवर्क येईना. महिनाभर मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होते. तो मॉड्यूल फक्त टूजीवर चालणारा होता आणि आमच्या घरातलं सिम जिओचं, ज्याला टूजी मुळातच नाही. दुसरं सिम आणलं तर नवा प्रश्न. निरोप पाठवताना हा मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो. माझ्या बॅटरीतून येणाऱ्या बारीक वायरींना ते झेपत नव्हतं. व्होल्टेज पडायचं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

शेवटी लोरा वापरलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने हे तंत्र काढलं आणि २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी घेतली. थोडी माहिती, थोड्या विजेत, लांब पाठवणं हे त्याचं काम. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. सिम नाही, रिचार्ज नाही. मला दर पंधरा मिनिटांनी चार आकडे पाठवायचे होते, तेवढ्याला ते पुरून उरतं.

या वेळी भिंतीत खिळा ठोकण्याआधी वाट चालून पाहिली. तात्या बागेत पेटी घेऊन बसले, मी दुसरी पेटी हातात धरून घराकडे निघाले. ओढ्यात उतरले की निरोप तुटायचा, चढ चढले की पुन्हा यायचा. बागेतली अँटेना दहा फुटी लोखंडी पाइपावर चढवली, घरची पाण्याच्या टाकीवर. तेव्हापासून निरोप चुकलेला क्वचित. एक जपावं: अँटेना लावल्याशिवाय लोराचा मॉड्यूल कधी सुरू करू नये, त्याचा निरोप पाठवणारा भाग जळू शकतो.

७. झाडाचं वर्ष यंत्राला शिकवावं लागतं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. ती पूर्ण माझी होती.

आम्ही आंबे बहार धरतो. नोव्हेंबरच्या अखेरीला बागेचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड महिन्यापर्यंत झाड ताणावर ठेवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड काडीत अन्न साठवतं. मग छाटणी, मग जानेवारीत पहिलं पाणी, आणि त्या पाण्याबरोबर सगळ्या बागेत एकदम कळी निघते. ताण नीट बसला तर फुलं एका वेळी, फळं एका वेळी, तोडणी एका वेळी. डाळिंबाच्या वर्षाचा सगळा हिशेब त्या कोरड्या महिन्यावर असतो.

त्या वर्षी तोवर यंत्र दोन महिने बिनचूक चाललं होतं. तात्यांनी सांगितलं, "आजपासून पाणी बंद." मी मोबाईलवरून रोजचं वेळापत्रक काढून टाकलं आणि कामाला लागले. पण मातीची ओल पाहून पाणी सोडण्याचा नियम तसाच चालू होता. त्याला वेळापत्रक लागत नाही. मोटार बंद होती म्हणून बावीस दिवस काही कळलं नाही. मग रात्रीच्या पाळीत कांद्याला पाणी भरायला मोटार सुरू झाली. पेटीने पाहिलं की दुसऱ्या भागात "कोरडं" आहे, आणि व्हॉल्व्ह उघडला. तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं. सलग तीन रात्री.

चौथ्या दिवशी सकाळी तात्या बागेतून परत आले आणि नुसतं म्हणाले, "सूनबाई, चल जरा." दुसऱ्या भागातल्या एकशे ऐंशी झाडांखाली जमीन काळीभोर दिसत होती. पिवळं पडू लागलेलं पान तिथे पुन्हा ताठ झालं होतं, आणि टोकांना कोवळी लाल पालवी फुटली होती. शेजारच्या ओळी उघड्या काड्यांनी उभ्या होत्या. मधून रेघ ओढावी तसा फरक.

त्या भागाला पुन्हा ताण देता आला नाही, थंडी निघून गेली असती. कळी मागंपुढं निघाली, फळ लहानमोठं झालं, तीन वेळा तोडणी करावी लागली आणि मालाला भाव मिळाला नाही. मी तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं न्हवतं ना ताण म्हंजी काय." माझ्याच हातून राहिलेलं ते वाक्य होतं.

ओल मोजणारी पट्टी "आत्ता माती कशी आहे" एवढंच सांगते. "आत्ता माती कशी असायला हवी" हे झाडाच्या वयावर आणि हंगामावर ठरतं. पिकाची पाण्याची गरज काढताना शास्त्रज्ञ हवामानावरून काढलेल्या बाष्पोत्सर्जनाला पीक गुणांकाने गुणतात, आणि तो गुणांक वाढीच्या अवस्थेप्रमाणे बदलत जातो. हे मी वाचलं होतं. आपल्या दारातल्या पेटीलाही ते लागू आहे, हे त्या लाल पालवीपाशी उभं राहिल्यावर उमगलं.

त्या उन्हाळ्यात तात्यांसमोर वही घेऊन बसले आणि डाळिंबाचं वर्ष लिहून घेतलं. ताण, पानगळ, छाटणी, पहिलं पाणी, कळी, सेटिंग, फुगवण, रंग, तोडणी, विश्रांती. प्रत्येक अवस्थेत जमीन त्यांच्या पाच शब्दांपैकी कोणत्या शब्दावर ठेवायची ते विचारलं. एक दुपार पुरली नाही, चार लागल्या. रंग भरताना पाणी अचानक वाढवायचं नाही, कळीला जास्त पाणी दिलं तर ती गळते, अशा गोष्टी ते सांगत गेले आणि प्रोग्रॅममध्ये त्या एकेका ओळीने उतरत गेल्या. बागेतल्या पेटीवर आता एक जाड खटका आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने तीन शब्द लिहिले आहेत: पाणी, ताण, हाताने. खटका "ताण" वर असला तर मोबाईलवरून, घरून, कुठूनही व्हॉल्व्ह उघडत नाही. तो फिरवायला बागेत जावं लागतं, दिवसा.

८. पेटी बाहेर राहणार आहे

मुंग्यांनी पहिल्या पावसाळ्यात पेटीत घर केलं. वायर जिथून आत जाते तिथे रबरी ग्लँड लावावा आणि खांबाला ग्रीसचा पट्टा द्यावा. खारी वायर कुरतडतात, म्हणून वायर पीव्हीसी पाइपातून न्यावी. पट्टीच्या वरच्या टोकाला असलेले भाग आणि कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यातून ओल शिरते. तिथे दोन हात नेलपॉलिश लावलं तरी चालतं, मी तेच केलं.

९. विचारायला जाताना आकडे घेऊन जावं

सुरुवातीला मी ज्याला त्याला "ओलावा मोजायला कोणता सेन्सर चांगला?" असं विचारायचे आणि प्रत्येक जण वेगळं नाव सांगायचा. एकवीस दिवसांचा तक्ता हातात आल्यावर विचारणं बदललं. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात मी तो तक्ता पुढे ठेवला, मुरमाच्या ओळींचं काय करू विचारलं, आणि बोलणं थेट मुळांच्या खोलीवर आणि ड्रिपरच्या अंतरावर गेलं. मुरमात कमी पाणी, पण वारंवार द्यायचं, हा सल्ला तिथला. प्रोग्रॅममधला तो भाग त्या भेटीनंतर दोन दिवसांत लिहून झाला.

राहुरीचं विद्यापीठ १९६८ सालचं. पाण्याची गरज काढून देणारं फुले इरिगेशन शेड्युलर हे मोबाईल ॲप तिथेच तयार झालं. आमच्या पेटीचा आणि त्या ॲपचा हिशेब मी आठवड्यातून एकदा शेजारी ठेवते. एक हवेकडून येतो, एक मातीकडून. दोन्ही जुळले तर बरं वाटतं. जुळले नाहीत तर तात्यांना विचारते आणि बहुतेक वेळा फिल्टर धुवायला झालेला असतो किंवा ड्रिपर चोकप झालेले असतात.

आमच्या जिल्ह्यात मोजून पाणी वापरण्याची मोठी शाळा आधीपासून आहे. शाळेची सहल घेऊन मी हिवरे बाजारला गेले होते. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरतं. पर्जन्यमापक आणि दोरी एवढ्यावर ते सुरू झालं. माझ्या विद्यार्थ्यांनी तिथे ताळेबंद पाहिला, आणि परत आल्यावर दोघांनी विचारलं की आमच्या विहिरीचं कसं मोजायचं. आता नववीतली ती मुलं दर सोमवारी आपापल्या विहिरीची पातळी वर्गाच्या फळ्यावर लिहितात.

१०. वही बंद करू नये

पेटी सगळं साठवते, तरी घरात एक रेघांची वही आहे. रात्रीच्या पाळीला तात्या आता उठत नाहीत. सकाळी मात्र सहाला बागेत जातात, उकरतात, मूठ वळतात. वहीत तीन रकाने आहेत. तारीख, मुठीचा शब्द, पेटीचा शब्द. पहिल्या दोन रकान्यांतलं अक्षर त्यांचं, तिसऱ्यातलं माझं. दोन शब्द वेगळे पडले तर त्या ओळीखाली लाल रेघ. गेल्या सहा महिन्यांत अशा अकरा लाल रेघा आहेत. सात वेळा पट्टी हलली होती किंवा फट पडली होती. तीन वेळा पेटी बरोबर निघाली, तात्यांनी उकरलेली जागा गळक्या ड्रिपरखाली होती. अकरावीचं कारण अजून सापडलेलं नाही.

परवा पूर्वेच्या बांधाला नवी दीडशे रोपं लावायची आखणी चालू होती. मी नव्या पेटीसाठी मधली जागा धरून खुंटी ठोकली. तात्यांनी ती उपटली, तीन ओळी वर गेले, टाचेने जमीन दाबून पाहिली आणि तिथे ठोकली.

"इथं मुरूम सुरू व्हतो. हितली ओल आधी जाती. पेटी हितं."